गोल सोडून उभा राहणारा क्लेम हिंडल

माझा धाकटा भाऊ क्लेम जेमतेम पाच फूट आठ इंचांचा, आणि त्याला व्हायचं होतं गोलकीपर. सोळाव्या वर्षी एका बड्या क्लबाने त्याला चाचणीला बोलावलं. तिथल्या माणसाने खेळ बघायच्या आधीच त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाला, "पोरा, तू शर्यतीतला जॉकी हो."

"होतो की," क्लेम म्हणाला. "घोडा तुम्ही होणार का?"

दुपारच्या गाडीने परत. आईने विचारलं, "कसं झालं रे?" तर म्हणे, "त्यांना गोलकीपर नकोय, शिडी हवीय."

आमचं हॉथर्नशॉ सूतगिरण्यांचं गाव. आमचा क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तिथून खाली पडलं तर लीगच्या बाहेरच. एकोणिसाव्या वर्षी क्लेम त्या क्लबात लागला. साल सदुसष्ट. मी आणि माझा नवरा बर्नार्ड तेव्हा नुकतेच तळलेल्या माशांचं दुकान चालवायला लागलो होतो. शनिवारी दुपारी बर्नार्ड भट्टीपाशी आणि मी मैदानावर, असा आमच्या संसारातला करारच होता.

क्लेम गोलात उभा राहायचाच नाही. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात गेला की हा पेनल्टीच्या चौकोनाच्या टोकाशी, कधी त्याच्याही पुढे. त्या काळी गोलकीपर म्हणजे खुंटीला बांधलेली गाय. हा पुढे धावून पायाने चेंडू भिरकावून द्यायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, मागे सगळं मोकळं पडतं."

"हिल्डा, मागे उभा राहिलो तर वरचा दांडा माझा वैरी," तो म्हणाला. "पुढे उभा राहिलो की मारणाऱ्याला जाळीच्या आधी मी दिसतो. आणि मी दिसायला भयंकर आहे."

परगावच्या मैदानांवर माणसं गोलच्या मागे हातभर अंतरावर उभी असत. कोणीतरी ओरडायचंच, "ए बुटक्या, खुर्ची आणून देऊ का?" क्लेम मान वळवून म्हणायचा, "आण की. तुमचे लोक इकडे पोहोचेपर्यंत बसतो." बाकीचे गोलकीपर ऐकून न ऐकल्यासारखं करत. हा प्रत्येकाला उत्तर द्यायचा.

बहात्तर सालच्या नोव्हेंबरात वेल्बरीला ते घडलं. वारा असा की कोपऱ्यातली निशाणं आडवी. त्यांच्या गोलकीपरने आपल्या टोकाकडून चेंडू उंच मारला. तो वाऱ्यावर चढला, मध्यरेषेच्या इकडे टप्पा पडला आणि क्लेमच्या डोक्यावरून सरळ आमच्या जाळीत. गोलकीपरने गोलकीपरला गोल केला! क्लेम मागे पळताना चिखलात पालथा पडला होता. चार हजार माणसं हसत होती. मारणारा बिचारा स्वतःच तोंडावर हात धरून उभा. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. क्लेमने उठून जाळीतला चेंडू काढला आणि पुन्हा चालत चालत त्याच जागी जाऊन उभा राहिला.

आमचे मॅनेजर होते आर्थर टॅटरसॉल. बोलायला तिखट, वागायला सरळ. सोमवारी त्यांनी सरावाच्या मैदानावर गोलपासून पाच पावलांवर चुन्याची रेघ मारली. "ही ओलांडलीस तर याद राख, क्लेम."

क्लेमने बुटाने ती रेघ पुसली. सगळ्यांच्या देखत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

शनिवारी सामना घरच्या मैदानावर. टॅटरसॉलांकडचा दुसरा गोलकीपर तापाने फणफणलेला, म्हणून क्लेमलाच उतरवावं लागलं. आमचीच माणसं गोलच्या मागून चाल लावून गात होती, "घरी ये रे क्लेम, घरी ये!" आणि हा चौकोनाच्या बाहेर, कमरेवर हात. माझ्या हातातली मटण भरलेली पेस्ट्री तशीच थंड झाली. पण त्या दिवशी त्याने धावत जाऊन सात चेंडू पायाने उडवले. सातही मी मोजले. आम्ही एक-शून्यने जिंकलो आणि शेवटी तीच माणसं त्याचं नाव घेऊन नाचत होती.

सामन्यानंतर टॅटरसॉलांनी त्याला आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार सताड उघडं.

"जिंकलो ना, साहेब?"

"जिंकलो. पण माझं ऐकून नाही."

"ऐकलं असतं तर हरलो असतो."

"असेल. पण उद्या बाकीचे दहाही असंच म्हणतील, मग मी इथे करू काय? दुसरा क्लब बघ, बाबा."

यात टॅटरसॉलांचंही काही खोटं नव्हतं. क्लेमला मात्र ते आजही पटत नाही.

मग सुरू झाली वणवण. बारा वर्षांत आणखी आठ क्लब. कुठे दोन हंगाम, कुठे सात आठवडे. प्रत्येक मॅनेजर पहिल्या दिवशी म्हणायचा, "आमच्याकडे तसलं चालणार नाही," आणि क्लेम म्हणायचा, "बघू." डावी करंगळी दोनदा मोडली, ती कायमची बाहेर वळली. त्याची बायको ग्वेन शिवणकाम करायची. बिऱ्हाड हलवताना ती एकदा मला म्हणाली, "तुझ्या भावाने एकदा, फक्त एकदा जरी 'बरं साहेब' म्हटलं असतं, तर माझ्या पडद्यांना एका तरी खिडकीचं माप लागलं असतं." म्हणताना हसत होती, पण डोळे भरले होते. तिसऱ्या डिव्हिजनच्या वर तो कधी गेलाच नाही.

चौऱ्याऐंशीत, छत्तिसाव्या वर्षी, समुद्रकाठच्या सँडहोप क्लबात असताना त्याचे पाचशे सामने पूर्ण झाले. क्लबाने जेवण दिलं. अध्यक्ष प्रिंगल यांनी ग्लास उंचावून भाषण केलं. "असा माणूस विरळा! कधी तक्रार नाही. जिथे उभं केलं तिथे निमूट उभा राहिला."

क्लेम उठला. ग्वेनने त्याचा कोट ओढला, मी टेबलाखालून लाथ मारली. काही उपयोग नाही.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही दुसऱ्याच कोणाचं भाषण आणलंत," तो म्हणाला. "जिथे उभं केलं तिथे मी एक दिवसही उभा राहिलो नाही. तक्रार तर दर आठवड्याला केली. तुमच्या गळक्या न्हाणीघराची गेल्याच मंगळवारी केली."

खेळाडू टेबलं बडवायला लागले. प्रिंगल बीटासारखे लाल. तीन आठवड्यांनी पत्र आलं : पुढच्या हंगामात आपल्या सेवेची गरज नाही.

जुलैत सराव सुरू झाला, तर क्लेम बूट घालून फाटकात हजर. नवा मॅनेजर तिशीचाच होता. तो चाचरत म्हणाला, "क्लेम, तुम्हाला पत्र नाही मिळालं?"

"मिळालं. टायपिंग सुरेख होतं."

"मग आत नाही घेता येणार हो मला."

"नका घेऊ. रस्ता काय प्रिंगलचा आहे?"

आणि तो कुंपणाच्या बाहेरच्या रस्त्यावर पळायला लागला. आत ते फेऱ्या मारत, बाहेर हा. ते थांबले की हा थांबे, ते दंड काढत तेव्हा हा फुटपाथवर दंड काढे. ग्वेनने मला फोन करून सांगितलं, "लोक दूध आणायला निघतात ते याला ओलांडून जातात." पहिल्या आठवड्यात खेळाडू हसले. दुसऱ्यात त्याच्या वेगाशी वेग जुळवू लागले. तिसऱ्यात कर्णधार मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "आत घ्या त्याला, नाहीतर आम्ही सगळे बाहेर पळतो."

प्रिंगल चिडले, पण सगळी टीम रस्त्यावर पळताना गावाने बघितली असती. क्लेमला आत घेतलं.

त्या हंगामात तो एकतीस सामने खेळला. सँडहोप चौदावं आलं. ना बढती, ना कप. एप्रिलमध्ये त्याचा गुडघा फिरला आणि डॉक्टर म्हणाले, आता पुरे. डॉक्टरांशी त्याने अर्धा तास हुज्जत घातली, पण गुडघा वळेना.

तो आणि ग्वेन हॉथर्नशॉला परत आले. त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानात एक वार्ताहर त्याला भेटायला आला. क्लेम माशावर व्हिनेगर ओतत होता.

"वरच्या डिव्हिजनमध्ये खेळायला मिळालं नाही, याची खंत वाटते?"

"ते माझ्याशी खेळले नाहीत. खंत त्यांना विचारा."

शुक्रवारी पेपरात फोटो आला आणि खाली मथळा : 'एक समाधानी खेळाडू'. क्लेम सकाळी सकाळी तो पेपर फडकावत दुकानात शिरला.

"समाधानी? कोण समाधानी? हिल्डा, कागद दे!"

मी त्याला मासे गुंडाळायचा कागद दिला. त्याने काउंटरवर कोपर टेकून संपादकाला पत्र लिहायला घेतलं, आणि गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात राहिली.