आत्याचं सोवळं आणि माणसाचं इन्सुलिन

आमच्या आत्याचा सोवळ्यावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा. देव एखाद्या वेळी चुकेल, सोवळं नाही. महाडच्या आमच्या घरी दासगावची दूधवाली रतीब घालायची. तिच्याकडचं दूध आत्या आपल्या पातेल्यात लांबून ओतून घ्यायची आणि वर पळीभर पाणी शिंपडून शुद्ध करायची. दूधवालीनं वाटेत घातलेलं पाणी धरलं, तर ते दूध दोनदा शुद्ध झालेलं असे. आम्ही सगळी भावंडं त्या अतिशुद्ध दुधावर वाढलो. आमच्या दंडांकडे पाहून ते कुणालाही कळतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. दासगावकडे कोकण रेल्वेचे रूळ पडत होते, गावात केबल आली होती आणि आत्याच्या पायाच्या करंगळीला जखम झाली होती. सोवळ्यात चप्पल चालत नाही. परसात तुळशीकडे अनवाणी जाताना काहीतरी रुतलं. साखरेचा आजार जुना, त्यामुळे जखम भरेना. डॉक्टर म्हणाला, गोळ्या पुरे झाल्या, आता इन्सुलिन टोचून घ्या. आत्या पूर्वी शाळेत शिकवायची आणि हा डॉक्टर चौथीपर्यंत तिचा विद्यार्थी होता. गाव त्याला साहेब म्हणायचं, आत्या ‘अरे’ म्हणायची.

इंजेक्शन सुरू झालं. आई रोज सकाळी टोचायची. आत्या पूर्वेकडे तोंड करून, लढाईवर निघाल्यासारखा दंड पुढे करायची. शेजाऱ्यांकडे फ्रिज होता, पण त्यात सुरमई नांदत असल्यामुळे औषधाची बाटली आमच्या माठाशेजारी ओल्या वाळूत राहायची. जखम हळूहळू सुकू लागली. सगळं छान चाललं होतं. अशाच वेळी घरात विज्ञानाचा प्रवेश होतो.

विज्ञान पोलादपूरहून एसटीनं आलं. म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आमचे काका. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण शिकवायचे थांबले नव्हते. शिऱ्याची बशी हातात घेऊन त्यांनी त्या बाटलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ताई, हे कशातून काढतात ठाऊक आहे?”

“कारखान्यातून.”

“कारखान्यात काढतात गं, पण कुणातून? डुकराच्या पोटातून! नाहीतर गाईच्या. स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो…”

आईनं डोळे वटारले. काकांना डोळ्यांची भाषा कळत नसे. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला डुकराची आकृती काढून नावं दिली, आणि मग शिऱ्याची दुसरी बशी घेतली.

आत्या उठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दंड पुढे करणं बंद केलं.

आईनं विनवण्या केल्या. “वन्सं, आपलं औषधच ना ते.” वडिलांनी आवाज चढवून पाहिला, मग उतरवला. दूधवालीसुद्धा ओट्यावरून म्हणाली, “नाय गो आत्याबाय, घ्या ते इंजेक्शन. माझ्या दिराला मुंबईत तेच टोचतात. मेल्यावर सोवळं काय करायचं हाय?”

“मेल्यावरच त्याची खरी गरज असते,” आत्या म्हणाली, आणि दुधावर पाणी शिंपडलं.

करंगळी काळी पडली. खोलीत वास येऊ लागला. उदबत्त्या वाढल्या, पण वास उदबत्तीला दाद देईना. शेवटी डॉक्टर स्वतः घरी आला. काका होतेच, आपण लावलेली आग कशी जळते आहे ते पाहायला ते दर आठवड्याला यायचे.

“बाई, दोनच पर्याय आहेत,” डॉक्टर म्हणाला. “इंजेक्शन घ्या, नाहीतर पाय द्या.”

“पाय ने. पाय माझा आहे, डुकराचा नाही.”

काकांनी तोडगा काढला. “ताई, झालं ते झालं. पंचगव्य घे, प्रायश्चित्त होईल. मग बघू.”

“गाईचं पाच प्रकारचं घेताच आहात,” डॉक्टर म्हणाला, “हे सहावं समजा.”

“चौथीत तुला कमी मारलं मी.”

डॉक्टर हसला आणि त्यानं हुकमाचं पान टाकलं. “आता नवीन निघालंय. प्राण्याचं नाही, माणसाचं इन्सुलिन.”

काकांचा घास अडला. “माणसाचं? म्हणजे माणसं कापून?”

“कुणाला कापत नाहीत. इन्सुलिन कसं करायचं याची कृती आपल्या शरीरात लिहिलेली असते, तिला जीन म्हणतात. तेवढी कृती शास्त्रज्ञांनी एका जंतूत घातली. जंतू ती पाळतो. टाकीभर जंतू वाढवायचे, टाकीभर इन्सुलिन काढून घ्यायचं. तुम्ही दुधाला विरजण लावता ना, तसंच.”

“विरजण बाहेरचं चालत नाही माझ्याकडे.” आत्या विचारात पडली. “कृती कुणाची?”

“माणसाची.”

“अरे, पण माणसाची म्हणजे कुणाची? जात काय?”

हसू नका. आमच्या गावानं एके काळी तळ्यातल्या पाण्याला जात विचारली होती. पाण्यानंतर जंतूची पाळी येणं ओघानंच आलं.

काका सरसावले. “हा शोध परदेशातला आहे, ताई. म्हणजे कृती साहेबाचीच असणार. आणि साहेब काय खातो…”

“बाई,” डॉक्टर त्यांना तोडत म्हणाला, “इन्सुलिन म्हणजे एक्कावन्न मण्यांची माळ. तुमच्यात, माझ्यात, दूधवालीत, साहेबात तीच माळ, तेच मणी, त्याच क्रमानं. डुकराच्या माळेत एकच मणी निराळा असतो. गाईच्या माळेत तीन.”

“म्हणजे गाईपेक्षा डुक्कर आपल्याला जवळचं?” काकांचा आवाज फाटला.

आत्यानं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “काहींच्या बाबतीत तो एक मणीही निराळा नसेल.”

डॉक्टरनं मग पायाची पट्टी सोडली. काळेपणा करंगळी ओलांडून पावलावर सरकला होता. काका खिडकीबाहेर पाहू लागले. विज्ञानाला वास सहन होईना. आत्या मात्र पायाकडे बघत राहिली. आम्ही तिला घाबरलेली कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.

“बोट?” तिनं विचारलं.

“बोट गेलं, बाई. पाय राहू शकतो. पण आजपासून.”

“हे जे काय आहे, ते इतकी वर्षं माझ्याच पोटात होत होतं ना?”

“हो. तेच.”

“तेव्हा मी त्याला आंघोळ केलीस का, असं कधी विचारलं नाही.” तिनं पदर सावरला. “आण ती बाटली.”

“महाडात मिळत नाही. मुंबईहून मागवतो. दोन-चार दिवस लागतील.”

“तोवर?”

डॉक्टर घुटमळला. “तोवर… जुनंच.”

“डुक्कर?”

“डुक्कर.”

आत्यानं डोळे मिटले, पूर्वेकडे वळली आणि दंड पुढे केला. काका म्हणाले, “ताई, निदान एकदा भटजींना विचारून…”

“तू पोलादपूरची एसटी पकड,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. “शेवटची गेली तर चालत जा.”

करंगळी कापावी लागली. पाय वाचला. माणसाचं इन्सुलिन आलं आणि आत्या पुढची कितीतरी वर्षं ते टोचून घेत राहिली. सोवळं तिनं सोडलं नाही. तेवढा चमत्कार कुठल्याच औषधानं होत नाही. पण गावातल्या बायका तिला सोवळ्यातली बारीकसारीक कलमं विचारायला यायच्या. तापाची गोळी सोवळ्यात घेतली तर चालते का, डोळ्यांत थेंब घालून स्वयंपाक करावा का. आत्या आधी नियम सांगायची, कडक, पूर्वीसारखाच. मग लुगड्याचा काठ इंचभर वर घेऊन चार बोटांचं पाऊल पुढे करायची.

“ह्या नियमाला माझं एक बोट वाहिलंय,” ती म्हणायची. “तुमच्या सगळ्यांच्या वाटचं त्यात आलं. गोळी घ्या, आणि भात बघा, करपतोय.”