तुटलेल्या नसेचा माणूस

आणीबाणी उठली त्या साली लाखनीच्या बस स्टँडवर दर शनिवारी एक माणूस भेटायचा. नागपूरच्या प्रयोगशाळेत तो उंदरांच्या तुटलेल्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तपासायचा, आणि काचेचं भांडं फुटून त्याच्याच बोटाची नस कापली गेली होती. त्या बधिर, मुक्या बोटानं तो चहाचा ग्लास धरायचा. चहा इतका कढत, की तांदूळ टाकले असते तर शपथेवर सांगतो, भात शिजला असता!

"बोटात जीव येईल का परत?" मी विचारलं.

"नस बोटात तुटली भाऊ, पण तिची पेशी मानेच्या मणक्यापाशी बसली आहे. तिले खबर लागली. आता ती आरएनए बनवून राहिली, एन्झाइम कामाले लागले, नस वाढवायचा माल तयार होऊन राहिला."

"अन् घरी कोण आहे तुमच्याकडे पाहाले?"

"पेशी आहे न," तो म्हणाला, आणि हसला नाही.

एका शनिवारी तो असा ओरडला, की हायवेवरच्या ट्रकांनी ब्रेक मारले. "चावली! मुंगी चावली बोटाले! कळलं मले!"

लोक खो खो हसले. बोट उंच धरून तो कुणाला दाखवावं म्हणून चेहरे शोधत राहिला आणि शेवटी माझ्यापाशी आला. अख्ख्या स्टँडवर त्याच्या ओळखीचा मी एकटाच होतो, आणि त्याचं नाव मलाही ठाऊक नव्हतं.