अप्पांना हरीण लागलं

आधी चहा संपवा, मग सांगते. हे ऐकताना मागच्या वेळी माझ्या मैत्रिणीला ठसका लागला होता आणि मला आणखी एक भानगड नकोय. यंदा मी जो घोळ घातलाय ना, तसा आमच्या अख्ख्या माहेरात कोणी घातला नसेल. आणि माहेर माझं अकोल्याचं, तिथे घोळ घालणाऱ्यांची कमी नाही! मी माझ्या सासऱ्यांना अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा परवाना मिळवून दिला. त्यांना न विचारता. हो, ते नारायण पेठेत राहतात. हो, शाकाहारी आहेत.

तर मी एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वेबसाइट नीट चालते का ते बघायचं आणि चालत नसेल तर बोंब मारायची. नवरा म्हणतो, तुझ्या स्वभावाला साजेसं काम मिळालंय. आमचं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतल्या एका राज्याचं वनखातं. तिकडे सरकारी जंगलात हरीण मारायची परवानगी मिळते, पण उठलं, बंदूक घेतली आणि निघालं असं नाही. आधी अर्ज करायचा. अर्ज ढीगभर, परवाने मूठभर, म्हणून सोडत निघते. नाव लागलं तर ठरलेल्या जंगलात, ठरलेल्या हंगामात, एकच हरीण. मी आयुष्यात हरीण पाहिलं ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, तेही पाठमोरं. पण हरणाचे नियम विचाराल तर माझ्यासारखी बाई पुण्यात सापडणार नाही.

आम्हा टेस्टिंगवाल्यांकडे वेबसाइटच्या दोन प्रती असतात. एक खोटी, आम्हाला खेळायला. एक खरी, जिथे खरे शिकारी खरे अर्ज भरतात. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. त्या आठवड्यात खरीसुद्धा आम्हाला बघायला उघडून दिली होती. नुसती बघायला, बरं का.

मला तपासायचा होता ज्येष्ठ नागरिकांचा अर्ज. त्यांना फी माफ. त्यासाठी म्हातारा माणूस हवा. आता मी घरून काम करते, समोर अप्पा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत बसलेले. टाकलं त्यांचं नाव! जन्मतारीख खरी, पत्ता खरा, ईमेलसुद्धा त्यांचाच, कारण माझा आधीच वापरून झाला होता. शिकारीच्या प्रशिक्षणाचा नंबर मागितला, तो आमच्याकडे टेस्टिंगचा असतो, तो ठोकला. खऱ्या साइटवरही तो चालतो, हे मला नंतर कळलं. अर्ज स्वीकारला, असं आलं. मी खूश. कुठली खिडकी उघडी आहे ते बघितलंच नाही.

पुढच्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते आणि अप्पांनी बाहेरून हाक मारली. अप्पा एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. लोकांच्या अर्जातल्या चुका काढण्यात जन्म गेला, त्यामुळे आवाज कधी चढत नाही. ते शांतपणे म्हणाले, "पल्लवी, अमेरिकेच्या सरकारनं मला हरीण मारायला बोलावलंय. अभिनंदनसुद्धा केलंय."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. धावत जाऊन ईमेल बघितला. सोडत निघाली होती आणि अप्पांचं नाव लागलं होतं.

आता माझी अवस्था काय झाली असेल सांगा. खऱ्या साइटवर खोटा अर्ज म्हणजे आमच्याकडे थेट नोकरी जाते. मी हळूच नियम बघितले. ऑफिसातून परवाना रद्द केला तर त्याची खबर गिऱ्हाइकाला जाते. पण परवानाधारकानं स्वतः परत केला तर कोणी विचारत नाही. म्हणजे अप्पांनी एक बटण दाबायचं होतं. बस, एवढंच!

मी लाडीगोडीनं सांगितलं की अप्पा, काहीतरी तांत्रिक गोंधळ झालाय, परत करून टाका. अप्पांनी चष्मा काढला. घरांच्या सोडतीत आयुष्यभर अर्ज केले, कधी नाव लागलं नाही, म्हणाले. भिशीतसुद्धा माझी चिठ्ठी शेवटी निघायची. जन्मात पहिल्यांदा कुठेतरी नंबर लागलाय आणि तो परत करू? आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मला खरं सांगायचं धैर्यच होईना. फार वाईट वाटलं हो मला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "हरीण आणून ठेवणार कुठे? इथे अंडंसुद्धा गॅलरीत उकडतात."

पण अप्पा ऐकतायत कुठले! जायचं नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. व्हिसा नाही, बंदूक नाही, मुंगी दिसली तर पाय उचलून ठेवतात. पण परवाना आहे म्हटल्यावर नियम वाचायलाच हवेत, हे त्यांचं म्हणणं. पूर्ण नियमावली छापून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले. रोज जेवताना एक नियम. हरीण पडलं की जागेवरून हलवायच्या आधी कानाला टॅग बांधायचा. झाडावर बांधलेलं मचाण संध्याकाळी सोडवून न्यायचं, दुसऱ्या दिवशीसाठी जागा अडवून ठेवायची नाही. हा नियम त्यांना फार आवडला. आमच्या पार्किंगला लावायला हवा, म्हणाले.

मग निघाला कपड्यांचा नियम. डोक्यावर आणि छाती-पाठीवर भडक केशरी रंग हवा, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही हरीण वाटत नाही. अप्पा कसबा पेठेत गेले आणि रस्त्यावर काम करणारे घालतात ना, तसलं चकाकणारं जाकीट आणि टोपी घेऊन आले. तसेच घालून मंडईत कोथिंबीर आणायला गेले. तिथे दोघांनी त्यांना विचारलं, आमच्या गल्लीतला खड्डा कधी बुजवणार. अप्पांनी सांगितलं, मी हरणाच्या खात्यात आहे.

इथपर्यंत मी सहन केलं. पण एका सकाळी आमच्या मॅनेजरचा, मंदारचा फोन आला. म्हणाला की गिऱ्हाइकाला पुण्याहून एका परवानाधारकाचा ईमेल आलाय. नियमावलीतल्या विसंगतींबद्दल. त्याचं आडनाव आणि तुझं आडनाव एकच कसं?

बाप्पा! अप्पांनी परस्पर अमेरिकेला पत्र लिहिलं होतं, मुद्देसूद, तळाशी 'कळावे' सकट. आणि वनखात्याच्या लिंडा नावाच्या बाईंना या गृहस्थांशी बोलायचं होतं, लगेच दुसऱ्या दिवशी, व्हिडिओवर. सगळ्या टीमसमोर.

मी रात्रभर राजीनामा मनात लिहिला. सकाळी अप्पा येऊन बसले, जाकीट-टोपीसकट. मी म्हटलं, अप्पा, टोपी तरी काढा. ते म्हणाले, नियम आहे.

लिंडाबाई गोड होत्या. त्यांनी पत्राचं कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाल्या, तुम्ही येणार आहात ना? कारण तुमच्या मागे यादीत एक आजोबा आहेत. वर्षानुवर्षं याच जंगलासाठी अर्ज करतायत. गुडघे गेलेत, यंदा नाही जमलं तर पुढे जमणार नाही, म्हणतायत.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आयुष्यभर यादीत मागे राहिलेला माणूस तो, त्याला वेगळं काय सांगायचं? माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. अप्पा त्यांच्या हेडक्लार्कच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं होतंत. मी इथे फुकट जागा अडवून बसलोय. त्यांना द्या, आत्ताच द्या."

आणि तिथेच बटण दाबलं. सुटले, असं वाटलं.

तेवढ्यात लिंडाबाईंनी विचारलं, पण तुम्ही अर्ज केलात कसा?

मी अप्पांकडे बघितलं. डोळ्यांनी, हातांनी, जमेल तितक्या सगळ्यांनी विनवलं. पण अप्पा खोटं बोलणार? ते म्हणाले, "अर्ज माझ्या सुनेनं भरला, मला न विचारता. चूक तिची आहे. पण मॅडम, तुमच्या वेबसाइटनं पत्ता वाचला नारायण पेठ, पुणे, आणि खुशाल हरीण दिलं. मग चूक एकटीची कशी?"

लिंडाबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. म्हणाल्या, खरंय, ही आमच्याकडचीही चूक, आता ती दुरुस्त करू. मंदारनं मला ताकीद दिली, पण नोकरी वाचली. मी तिथल्या तिथे अप्पांच्या पाया पडणार होते.

पडले नाही ते बरं झालं. कारण अप्पांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी लिंडाबाईंना शब्द दिला की असं पुन्हा होणार नाही, यापुढे मी स्वतः तिच्या शेजारी बसेन. बाईंना वाटलं विनोद आहे. मंदारलाही वाटलं. मी मात्र लग्न होऊन या घरात आलेली, मला कळलं.

तेव्हापासून रोज सकाळच्या मीटिंगला अप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. माझ्या कामातल्या चुका पूर्वी घरापुरत्या निघायच्या, आता त्या दोन देशांना कळतात. काल मी काय काय तपासलं ते सांगायला तोंड उघडलं, तर मंदार म्हणाला, "पल्लवी, तू जरा थांब. आधी अप्पांचं होऊ दे."