प्रगतीचे दोन क्लिक

काटेवाडी मागं पडली, कालव्याची कडा लागली आणि प्रगतीनं तेलाची बाटली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. तासाभरात चौथ्यांदा. श्रावणातला शनिवार, आम्ही दोघी अनवाणी मारुतीला निघालो होतो. तिच्या हाताचं दुखणं आमच्या दुकानात फक्त मलाच ठाऊक होतं.

इंदापुरात तहसील कचेरीसमोर दादासाहेबांचं टायपिंगचं दुकान आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्रगती सात वर्षं अर्ज टाइप करते. गेल्या वर्षी तिच्या उजव्या तर्जनीतला जोर गेला. ओळ निवडायची तर माउसचं बटण दाबून धरायचं आणि ओढत न्यायचं; हिचं बोट मध्येच सुटायचं. जुन्या अर्जावरच नवं नाव चढवायची आमची पद्धत. एकदा निम्मीच ओळ निवडली गेली आणि शकुबाई नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या अर्जात आधीच्या माणसाचं गाव तसंच राहिलं. बाईंना दोन एसट्या बदलून परत यावं लागलं. मालकांनी विचारलं तेव्हा प्रगती म्हणाली, लक्ष नव्हतं. माउस डाव्या हातात घेतला असता तर त्यांना कळलंच असतं, आणि कीबोर्डवरच्या बाणाच्या कळांनी दिवसाला निम्मेच अर्ज होत.

तिच्या मशिनवरच्या एडिटरमध्ये, म्हणजे टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपल्या सूचना आपल्याला लिहून घालता येतात. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली ही बाई, दुपारी डबा बाजूला सारून दोन महिने तेच शिकत बसली. बटण दाबलं, माउस हलला, बटण सुटलं, हे एडिटरला वेगवेगळं कळत असतं. सुटलं की निवड संपते, हा नियमच तिनं काढून टाकला. एक क्लिक केलं की निवड सुरू, मोकळा माउस फिरवायचा, दुसऱ्या क्लिकला संपली. पहिल्या दिवशी दुसरं क्लिक राहिलं आणि सगळं पान निळं झालं. मी म्हटलं, हा माउस माझ्या सासूवर गेलाय, धरलं की सोडत नाही. तेव्हा ती पोटभर हसली होती.

आता बुधवारी नवी मशिनं येणार. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, वरून काही टाकायचं नाही, म्हणजे प्रगतीचे दोन क्लिकही गेले. परवानगी मागायची तर कारण सांगावं लागणार. आमच्यातल्याच अनितानं मान दुखते म्हणून सांगितलं होतं. मालकांनी गोड बोलून तिला विश्रांती घ्यायला लावली आणि आठ दिवसांत तिच्या खुर्चीवर दुसरी बसवली. प्रगती घरी बसली तर चार म्हशींच्या धारा. नोकरी आहे म्हणून त्या जावेकडं आहेत. धारेलाही हेच बोट लागतं.

देवळाचा झेंडा दिसायला लागला तशी ती थांबली.

"ताई, दादासाहेब तुमचं ऐकत्यात. तुमाला ते कामावरनं काढायचं न्हाईत. बोट तुमचं गेलंय म्हणून सांगा. तुमच्यासाठी म्हणून ते दोन क्लिक मागा, सगळ्यास्नी एकच टाकणार म्हंजी माझ्या मशिनवर पण येतील."

मी हातातली रुईची माळ दाखवली. म्हटलं, मारुतीच्या वाटेवर मला खोटं बोलायला सांगतेस व्हय?

"देवाला खरं काय ते मी सांगते," ती म्हणाली. "मालकाला तेवढं तुमी सांगा."