वरवंट्याखालची बॅटरी

पिंगळीच्या शिवारात फवारणी पंपाच्या बॅटरीतलं माझ्याएवढं कुणालाच कळत न्हाई. त्याच अकलेनं गेल्या साली मी घरातला सगळा कापूस जाळायला निघालतो.

माझ्या पंपाची बॅटरी पुरीवानी फुगली होती. सून लग्नाआधी बॅटरीच्या कारखान्यात कामाला होती. ती म्हनली, "मामा, फुगलेली लावू नका." पर सुनंचं ऐकलं तर मी सासरा कसला? तिनं स्वतःच्या पंपाला आतला पडदा चांगला बघून बॅटरी आणली, तवा बी मी हासलो होतो, "पडदा बघायला ती काय सोयरीक हाय?"

म्या गुपचूप बॅटरीवर वरवंटा ठिवला. दोन दिसांत चपटी झाली. मग कापसाच्या खोलीत स्टुलावर, सुनंच्या बॅटरीला खेटून चार्जिंगला लावली, अन् वर्साच्या कापसावर आडवा झालो.

सूं सूं आवाज आला. म्हनलं, भरायलीय. मग उग्र वास. मग धूर.

"मामा, उठा! कापूस!"

सुनंनं बटन बंद केलं अन् ती पेटती बॅटरी फावड्यानं अंगणात फरफटत नेली. म्या बी चपळाई केली, माझ्या चपला वाचवल्या.

पर सुनंची बॅटरी आतच होती, एका अंगानं काळी पडलेली. कापूस तिच्यापासून हातभर.

"तिला हात लावू नका. आधी कापूस मागं घ्या."

सून, बायको अन् मी, तिघं कवळ्यानं कापूस ओढायलो होतो. नजर त्या बॅटरीवर. एकदा ती टक् करून वाजली, अन् मी बायकोच्या मागं लपलो.

न्हाई फुटली. लय येळानं निवली, तवा सुनंनं ती चिमट्यानं वाळूत नेऊन ठिवली.

म्या वरवंट्याचं कबूल केलं अन् इचारलं, "ही कशी काय वाचली गं?"

"आत दोन पट्ट्या असतेत, मधी पातळ पडदा. तुमच्या बॅटरीतला साधा होता. तुमी तो दाबून चेंगरला, मग तापून आक्रसला. पट्ट्या एकमेकीला भिडल्या की आग. हिच्या पडद्यावर सिरॅमिकचा लेप हाय, कपबशीच्या मातीवानी भुकटीचा. तो तापला तरी लवकर आक्रसत न्हाई. पर हिच्यावर वरवंटा ठिवला असता, तर ही बी गेली असती. आता ही बी वापरायची न्हाई."

बायको केसातला कापूस काढत म्हनली, "तसलीच नवी आण गं. ती घरात ठिव, अन् ह्यांला बाहेर."