पहिला पर्याय

आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे बारावीनंतर काय करावं याबद्दल मत सगळ्यांना होतं आणि माहिती कोणालाच नव्हती. वडील अंबडच्या एका कंपनीत मशीनवर होते, आई घरी ब्लाउज शिवायची. सिडकोतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. सिन्नरहून चुलते फोन करायचे की पोरीला नर्सिंगला घाला, लगेच नोकरी लागते. शेजारच्या काकू म्हणायच्या, बँकेच्या परीक्षा देऊ दे. मला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि तेही संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजातूनच.

या हट्टाला कारण होतं. अकरावीत असताना एका लग्नासाठी आम्ही त्या शहरात गेलो होतो. जेवणं झाल्यावर मी वडिलांना ओढत त्या कॉलेजच्या गेटपर्यंत नेलं. वॉचमननं आत सोडलं नाही. पण गेटातून मुलींच्या हॉस्टेलची गॅलरी दिसत होती. कठड्याला पाठ लावून एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती आणि तिला कोणी उठवत नव्हतं. मला तेवढं पुरलं. वडीलही बराच वेळ बघत उभे होते. आम्ही दोघं एकच गोष्ट बघतोय, असं मला तेव्हा वाटलं.

स्कॉलरशिप मात्र मी स्वतः शोधून काढली. सरकार निम्मी फी भरायचं, पण हॉस्टेल आणि मेसचं काय, हा प्रश्न उरत होता. वाचनालयात पेपर चाळताना एका ट्रस्टची जाहिरात सापडली. ज्यांचे आईवडील कॉलेजात गेलेले नाहीत अशा मुलींचा राहण्याजेवण्याचा चार वर्षांचा खर्च ते उचलणार होते. अट एकच, प्रवेश सरकारी कॉलेजात हवा. मी अर्ज केला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात चार खेपा घातल्या. मुलाखतीला तिघं जण होते. त्यांतल्या एका निवृत्त मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, "ऐन वेळी घरच्यांनी पाठवलं नाही तर?"

"माझे वडील तसे नाहीत," मी म्हणाले. आठवड्याभरात निवड झाल्याचं पत्र आलं. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं.

आता राहिला प्रवेशाचा फॉर्म. इथे मामा आले. आईला सख्खा भाऊ नाही. तिच्या माहेरच्या गावचे हे मामा, ती लग्नाआधीपासून त्यांना राखी बांधते. शहराबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवायचे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात 'सर' म्हणावं असा हा एकच माणूस. सोसायटीच्या वॉचमनपासून आमच्या घरमालकापर्यंत सगळ्यांना वडील अभिमानानं सांगायचे, आमचे मेव्हणे प्रोफेसर आहेत.

मी चौकटीच्या वहीच्या कागदावर चौदा कॉलेजांची यादी केली. एक नंबरला संभाजीनगर, लाल शाईनं. मामांचं कॉलेज चौदावं, तेही त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मामांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सायबर कॅफेत नको जाऊ. तिथं चुका करतात. मी कॉलेजच्या लॅबमधून भरतो." माझा पासवर्ड मी त्यांना एका चिठ्ठीवर लिहून दिला. मला याचं काहीच वाटलं नाही. घरातल्या माणसाला पासवर्ड द्यायचा नाही, असं आम्हाला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मामांचा फोन आला. फॉर्म पक्का करायला ओटीपी लागतो आणि नंबर वडिलांचा दिलेला. वडील पहिली पाळी करून नुकतेच आले होते. मामा पलीकडून काहीतरी बोलले, वडील "बरं, बरं, तसं करा" म्हणाले. मग त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी शेजारीच उभी होते. लेकीच्या इंजिनिअरिंगमध्ये आपलाही हात लागला म्हणून ते खूश आहेत, असं समजून मीही हसले.

यादी लागली आणि मला मामांचं कॉलेज मिळालं. मी घाबरले नाही. ही पहिली फेरी होती, दुसरीत वर सरकता येतं, हे मी वाचलं होतं. कागदपत्रं तपासायच्या केंद्रावर गेले तर खिडकीतले क्लार्क म्हणाले, "पुढची फेरी तुला नाही. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते."

"पण हा माझा चौदावा पर्याय आहे."

त्यांनी प्रिंट काढून माझ्यापुढे सरकवली. मामांचं कॉलेज एक नंबरला होतं. संभाजीनगर चौदावं. मधले बारा मी लिहिले तसेच होते, तिथे त्यांनी काडीचाही फरक केला नव्हता. भिंतीवर कटऑफचे कागद चिकटवले होते. संभाजीनगरला माझ्यापेक्षा कमी गुणांवर शेवटची मुलगी लागली होती. मी तो आकडा बोट ठेवून तीनदा वाचला.

ट्रस्टच्या ऑफिसात मी तीच प्रिंट घेऊन गेले. काहीतरी मार्ग निघेल अशी वेडी आशा होती. बाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू तर सरकारी कॉलेजच हवं म्हणाली होतीस. इथं पहिलं नाव दुसरंच आहे."

मी म्हटलं, फॉर्म मामांनी भरला.

"आणि ओटीपी?"

"वडिलांनी सांगितला. पण त्यांना यातलं काही कळत नाही, बाई."

त्यांनी प्रिंटची घडी घालून मला परत दिली. मग म्हणाल्या की यादीत पुढची एक मुलगी थांबली आहे, तिला कळवावं लागेल. मी खोटारडी ठरले होते आणि कागदावर नाव माझंच होतं. बाहेर येऊन मी रडले, पण रडण्यापेक्षा संताप जास्त होता, आणि तो सगळा मामांवर होता.

राखीपौर्णिमेला मामा आले. आईसाठी साडी आणि माझ्यासाठी इंजिनिअरिंगच्या पोरांकडे असतो तो मोठा कॅल्क्युलेटर. आईनं त्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं, राखी बांधली. तोवर मी दम धरला. मग विचारलं, "मामा, माझी यादी कुठंय?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हे मात्र खरं. "यंदा आम्हाला प्रत्येकाला दहा ॲडमिशन आणायला सांगितल्या होत्या. नायतर पगार नाय. माझ्या नऊ झाल्या होत्या." मग ते वडिलांकडे वळले. "पण दाजी, तुम्हाला इचारल्याबिगर मी काय केलं का? तुम्हीच सांगा तिला."

वडील टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसले होते. टीव्ही बंद होता. "मीच हो म्हनलो त्यांना, जवळचं वर टाका," ते म्हणाले. "तिकडं तू एकटी. आपलं कोन हाय तिथं? आन् एकदा गेली का पोरगी परत थोडीच येती."

मी आईकडे पाहिलं. तिनं ताटातला पेढा उचलून माझ्यापुढे धरला. म्हणजे तिलाही माहीत होतं. देव्हाऱ्यात ते पत्र होतं तेव्हाही.

मामांचा मला राग होता, पण तो नंतर विरला. त्यांना पगार हवा होता, त्यांनी माझा दहावा आकडा केला, हिशेब मिटला. ते मला बाहेरचेच निघाले आणि बाहेरच्यांवर माणूस किती काळ चिडणार. वडिलांचं तसं नाही. ते माझ्यासोबत त्या गेटाशी उभे राहिले होते. त्यांनी ती गॅलरी बघितली होती. मला जिथे जावंसं वाटलं, तिथेच त्यांना भीती वाटली, आणि हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित हरलेही असते. त्यांनी मला हरायलासुद्धा दिलं नाही.

त्याच कॉलेजातून मी इंजिनिअर झाले. चार वर्षं घरून डबा नेला. आता पुण्यात नोकरी करते आणि परत राहायला आले नाही. वडील निवृत्त झालेत. मामा प्रत्येक राखीला येतात, मी त्या दिवशी सुट्टी घेत नाही.

वडिलांचा फोन मात्र येतो. गॅसचा, पेन्शनचा, बँकेचा, कसलाही ओटीपी आला की त्यांना मीच लागते. शेजाऱ्याला विचारत नाहीत, मामांनाही नाही. फोन लांब धरून एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं वाचतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणते, "बाबा, असा कुणालाही सांगत जाऊ नका."

ते म्हणतात, "तू काय कुनी हायेस का?"