शेवटच्या खुर्चीचा ट्रे

नागपुरात सत्तरच्या दशकात डायोड बनत होते म्हटलं तर आज लोक हसतात. पण बनत होते. रामदासपेठेतल्या एका बंगल्यामागे, जिथं आधी मोटार उभी राहायची त्या जागेत आणि तिला लागून बांधलेल्या दोन खोल्यांत. मी तिथं तपासणीला होते.

साहेब परदेशात शिकले होते, तिथल्या कारखान्यात काही वर्षं काढून परत आले होते. "रेडिओची पेटी आपण करायची आणि आतला जीव बाहेरून विकत आणायचा, हे किती दिवस चालायचं?" असं ते सारखं म्हणत. माणूस खरा होता. स्वतः जमिनीवर बसून भट्टी दुरुस्त करायचे.

सिलिकॉनच्या पातळ चकत्या पार्सलनं यायच्या. त्यांचे तिळाएवढे तुकडे करायचे, एकेक तुकडा चिमट्यानं दोन तारांच्या मधे बसवायचा, भट्टीत जोडायचा, मग ॲसिडमधून काढून पाण्यात धुवायचा आणि वर काळं कवच चढवायचं. डायोडचं काम एवढंच, की वीज एका दिशेनं जाऊ द्यायची आणि उलट दिशेनं अडवायची. ती अडते की नाही, हे मी मीटरवर बघायची. काटा हलला, की तो डायोड गळका.

लांब टेबलाशी सहा बायका बसायच्या. सहावी होती आमच्या गल्लीतली वहिनी. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन ती कामासाठी वणवण फिरत होती, तेव्हा मीच साहेबांना तिच्याबद्दल सांगितलं होतं. तिच्यासारखा स्थिर हात मी पुन्हा पाहिला नाही. शेवटच्या खुर्चीवर बस असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती आपणहून तिथं बसली. बाकीच्या पाचजणी डबे एकत्र उघडायच्या, ती आपला डबा खुर्चीवरच खायची. मी तिच्याच वस्तीतली, तिच्याच समाजातली. पण मी बी.एस्सी. झालेली होते, काचेच्या दरवाजाआड बसायची आणि माझा डबा तिथंच खायची. त्यामुळे कोणाबरोबर बसायचं, हे मला कधी ठरवावं लागलं नाही.

उन्हाळ्यात आमचा पहिला मोठा माल परत आला. टेलिफोनच्या एका सरकारी कारखान्यात गेला होता, तिथं उष्णतेच्या चाचणीत माझ्या मीटरवर पास झालेले अर्ध्याहून जास्त डायोड गळके निघाले. साहेब दोन दिवस परत आलेले डायोड फोडून भिंगाखाली बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "घामातलं मीठ. एवढंसं मीठ तुकड्यावर बसलं तरी गळती सुरू होते. कोणाचा तरी हात लागतोय. कोणाच्या ट्रेमध्ये जास्त आहेत?"

प्रत्येकीच्या ट्रेला नंबर होता आणि कोणत्या ट्रेमधले किती डायोड मी बाद केले, ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मला वही उघडायचीही गरज नव्हती.

"सहा नंबर," मी म्हणाले.

वहिनीच्या तळव्यांना घाम यायचा हे खरं होतं. बोटांवर रबरी टोप्या असायच्या, तरी मधूनमधून ती हात पदराला पुसायची. साहेब टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या हातानं माल खराब होतोय. तुम्हाला हे काम जमायचं नाही." ते चिडून बोलले नाहीत. जसं आहे तसं सांगितलं. वहिनीनं टोप्या एकेक करून काढल्या, ट्रेमध्ये ठेवल्या आणि पिशवी उचलली. जाताना तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहत होते.

घरी बाबांना सांगितलं. बाबा गिरणीत होते, कमी बोलायचे.

"हात लागला म्हून माल बाटला म्हन्ते काय तुहा साहेब?"

"बाबा, तसं नाही. ते सोडियम असतं. मिठातलं. कोणाच्याही घामात असतं."

"आमच्या वक्तीही त्याले काहीतरी नाव होतंच," बाबा म्हणाले आणि पायात चपला घालून बाहेर निघून गेले.

मला राग आला. विज्ञान यांना कसं समजावायचं, असं मी मनात म्हणाले.

शेवटच्या खुर्चीवर नवी मुलगी आली. तिचे हात कागदासारखे कोरडे होते. पहिल्याच आठवड्यात तिच्या ट्रेचे डायोड मी मीटरला लावले आणि काटा हलला. दुसरा लावला, हलला. मला वाटलं मीटर बिघडलं. दुसऱ्या मीटरवरही तेच. मग मी धुण्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले. सगळे ट्रे एकाच टबात, खुर्चीच्या क्रमानं बुडवत होते. पहिला ट्रे स्वच्छ पाण्यात जायचा. सहावा जाईपर्यंत आधीच्या पाच ट्रेंचं ॲसिड आणि मळ त्याच पाण्यात उतरलेला असायचा. शुद्ध पाणी मिळायला त्रास पडायचा म्हणून ते मधे बदलत नसत.

दुसऱ्या दिवशी मी क्रम उलटा करायला लावला. सहावा ट्रे पहिला, पहिला ट्रे शेवटी. संध्याकाळी सहा नंबरचे डायोड चांगले निघाले. एक नंबरचे गळत होते.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. "तीन टब करू. दर ट्रेला पाणी बदलू," म्हणाले. मग म्हणाले, "त्या बाईंना परत बोलाव."

वहिनी डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागली होती. मी तिच्या घरी गेले, टबाची सगळी हकीकत सांगितली.

"म्हन्जे माह्या हातानं नव्हतं?"

"नव्हतं, वहिनी."

"साहेबानं सगळ्यायसमोर म्हटलं होतं," ती म्हणाली. "अन् तू एकटी येऊन सांगून राहिली."

"मग काय करू?"

"तुले काहून सांगू वं? शिकलेली तू हायेस."

मी साहेबांना म्हणाले, तुम्ही बायकांसमोर एकदा सांगा, ती येईल. "सांगू," ते म्हणाले. पण नवा माल पाठवायची घाई होती, मग तपासायला अधिकारी आले, मग माल पास झाला आणि पेढे वाटले गेले. पेढे वाटले त्या दिवशी मीच टेबलापाशी उभी राहून बोलले, की तेव्हा चूक टबाची होती, सहा नंबरची नव्हती. चिमटे क्षणभर थांबले. एकजण म्हणाली, "आता काय त्याचं?" आणि पुन्हा कामाला लागली. वहिनीकडे मी परत गेले नाही. आपण बोललो, झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

ऐंशीनंतर बाहेरचे डायोड आमच्या खर्चाच्याही खाली मिळायला लागले. साहेबांनी दिल्लीच्या खूप खेपा घातल्या. एका सकाळी त्यांनी आम्हाला बोलावून कारखाना बंद होत असल्याचं सांगितलं. सांगताना ते रडले, आम्हीही रडलो. मी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले.

तिथं वहिनीची धाकटी मुलगी माझ्या वर्गात आली. हुशार होती, हातही आईसारखाच स्थिर. एकदा प्रयोगाच्या तासाला मी तिला सहज म्हटल्यासारखं विचारलं, "तुझी आई आधी कुठं कामाला होती गं?"

"डाळमिलमध्ये," ती म्हणाली. "पहिल्यापासून तिथंच."

"बरं," मी म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.